हांकेच्या अंतरावरचा आवाज

आमच्या कोंकणांत अंतर सांगण्याचें एक जुनें माप आहे. अमक्याचें घर किती दूर, असें कोणीं विचारलें तर आम्ही मैल किंवा किलोमीटर सांगत बसत नाहीं. ‘हांकेच्या अंतरावर’ एवढेंच सांगतों. महाड येथील माझें वडिलोपार्जित घर चवदार तळ्यापासून असेंच हांकेच्या अंतरावर आहे. आज आपल्याशीं बोलावयाचें आहे तें निजावयाच्या खोलींत ठेवण्याजोग्या लहान ध्वनिक्षेपकांविषयीं. घरोघर त्यांना नुसतें स्पीकर म्हणतात. विषय दुकानांतला वाटेल, आणि एका निवृत्त इतिहासशिक्षकानें त्यांत कां पडावें, अशीही शंका कोणी घेईल. माझें शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचें. पदार्थविज्ञानाचा मी पंडित नव्हे. परंतु माझ्या खोलींत कोणता स्पीकर असावा हें ठरवितांना मला आमच्या घराच्या इतिहासांतला एक शब्द दुरुस्त करावा लागला. तो कसा, हें सांगण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल.

१९ व २० मार्च १९२७ रोजीं महाड येथें कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्षस्थानीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मुंबईच्या कायदेमंडळानें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले केले होते. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून चवदार तळेंही खुलें केलें होतें. ठराव कागदावर राहिला होता. २० मार्च रोजीं परिषदेचा समुदाय शिस्तीनें रांगा धरून बाजारांतून तळ्यावर गेला आणि बाबासाहेबांच्या पाठोपाठ लोकांनीं तें पाणी प्राशन केलें. हें सर्वांस ठाऊक आहे. मला त्या दिवसाकडे कानांच्या बाजूनें पाहावयाचें आहे.

हजारोंचा समुदाय आणि बोलणाऱ्याचा केवळ कंठ, अशाच त्या काळच्या कोंकणांतल्या सभा असत. मोकळ्या हवेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो, असा हिशेब आहे. तीन फुटांवर जो आवाज खणखणीत, तो शहाण्णव फुटांवर जाईपर्यंत पांच वेळां दुप्पट अंतर काटतो आणि तीस डेसिबलांनीं खालीं येतो. शेवटच्या रांगेंतल्या माणसाला वक्त्याचे सगळेच शब्द मिळत असतील असें नव्हे. कांहीं पुढच्या माणसाच्या तोंडून मिळत असतील. आणि तोंडातोंडीं काय होऊं शकतें, तें त्याच दुपारीं दिसलें. मंडळी मंडपांत परतून दोनएक तास झाले असतील तोंच गांवांत आवई उठली कीं हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. तसा कोणाचाही बेत नव्हता. पण लोक काठ्या घेऊन धांवले, मंडपांत जेवत बसलेल्या माणसांना आणि आपापल्या गांवाच्या वाटेला लागलेल्यांना मारहाण झाली. खोटी हांक गांवभर पोंचली. खरें बोलणें मात्र छापून पाठवावें लागलें. ३ एप्रिल १९२७ रोजीं बाबासाहेबांचें ‘बहिष्कृत भारत’ हें पाक्षिक निघालें, त्यांतून महाडची हकीकत लोकांपर्यंत गेली. पुढें २५ डिसेंबरला याच गांवीं दुसरी परिषद भरून मनुस्मृतीचें दहन झालें. तळ्याचा खटला दहा वर्षें चालला. १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला.

आतां योगायोग पाहा. त्याच वर्षीं, या दोन परिषदांच्या मधोमध, २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं केलें. केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नांवाच्या खाजगी मंडळीचें, यंत्र दीड किलोवॅटचें आणि त्याची खात्रीची पोंच सुमारें तीस मैल. म्हणजे महाडपर्यंत तो आवाज भरंवशानें येण्याचा प्रश्नच नव्हता. वर्षाला दहा रुपये परवान्याचे, आणि यंत्राची किंमत निराळी. कंपनी १ मार्च १९३० रोजीं बुडाली व सरकारनें काम हातीं घेतलें. १९३६ सालीं त्याचें ऑल इंडिया रेडिओ झालें. त्या पहिल्या श्रोत्यांपैकीं कित्येक कानाला श्रवणयंत्र लावूनच ऐकत. घरांतल्या सगळ्यांनीं मिळून ऐकावयाचें तर कर्णा लागे. कर्णा म्हणजे फुलासारखा उमललेला भोंगा. थोड्या विजेंत मोठा आवाज काढण्याचें त्याचें कसब खरें, पण मृदंगाचा खालचा घुमारा त्यांत उमटत नसे आणि वरचे बारीक वर्ण नाकांतून आल्यासारखे येत.

कर्णा मागें पडला तो फिरत्या वेटोळ्यामुळें. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें हलकें वेटोळें टांगावयाचें, त्यांतून बोलण्याप्रमाणें कमीजास्त होणारी वीज सोडावयाची, म्हणजे तें मागेंपुढें थरथरतें आणि त्याला चिकटविलेला पडदा हवा हलवितो. ही कल्पना ऑलिव्हर लॉज यांनीं १८९८ सालींच मांडली होती. पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम या जोडीनें १९१५ सालीं कॅलिफोर्नियांत तिला मोठा कर्णा जोडून गर्दीपुढें आवाज नेऊन दाखविला. १९१९ सालीं सॅन दिएगो येथें अध्यक्ष विल्सन अशाच यंत्रांतून सुमारें पन्नास हजारांपुढें बोलले. आपल्याकडे शिकागो रेडिओ या नांवाच्या मुंबईच्या पेढीचे नानिक मोटवाने यांनीं १९३० नंतरच्या दशकांत काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविले. जुन्या छायाचित्रांत पुढाऱ्यांच्या तोंडापुढच्या यंत्रावर त्या पेढीचें नांव आजही वाचतां येतें. गर्दीपुरता प्रश्न असा सुटला. घराचा प्रश्न सोडविला तो चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोघांनीं; १९२५ सालीं त्यांनीं कर्णा काढून टाकला व वेटोळ्याला कागदी शंकू लावला. आज आपल्या घरांतल्या बहुतेक स्पीकरांचें मूळ तेथें आहे.

शंकू आला तरी एक अडचण उरलीच. शंकू पुढें हवा ढकलतो तेव्हां मागची हवा ओढली जाते, आणि दोन्ही लाटा एकत्र येऊन खालचे सूर एकमेकांना मारून टाकतात. म्हणून मागची बाजू बंद करावयाची; पण बंद खोक्यांतली हवा लहान शंकूला आंखडून धरते. यास्तव गंभीर आवाज हवा असेल तर कपाटाएवढें खोकें, हा नियमच पडला होता. तो मोडला एडगर व्हिल्चर यांनीं. हे गृहस्थ न्यूयॉर्क विद्यापीठाच्या रात्रीच्या वर्गांत ध्वनिपुनरुत्पादनाचा विषय शिकवीत. हेन्री क्लॉस हा त्यांचा विद्यार्थी. (शिक्षकी पेशांतल्या माणसाला ही गोष्ट सांगतांना आनंद होतो, याबद्दल क्षमा असावी.) शंकूचा आधार मुद्दाम ढिला ठेवावयाचा आणि खोक्यांतल्या कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगेचें काम करून घ्यावयाचें, ही त्यांची युक्ति. १९५४ सालीं दोघांनीं मिळून काढलेला एआर-१ हा स्पीकर फळीवर मावत असे आणि मोठ्या कपाटांहून खोल वाजत असे. क्लॉसचे पुढचे भागीदार जे. अँटन हॉफमन यांनीं या व्यवहाराची किंमतही सांगून ठेविली आहे. आकार लहान, सूर खोल आणि थोड्या विजेंत मोठा आवाज या तिहींपैकीं दोनच एका वेळीं मिळतात. निजावयाच्या खोलीसाठीं स्पीकर घेणाऱ्यानें हा हिशेब दुकानांत शिरण्यापूर्वींच मनाशीं करावा. लहान खोकें हवें म्हणतांच आपण एक गोष्ट सोडलेली असते. मोठा आवाज सोडावा, असें माझें मत. खोलींत बसून पन्नास हजारांपुढें बोलावयाचें नसतें.

लहान खोक्याचा याहूनही बोधक दाखला बी.बी.सी.चा आहे. बाहेरगांवच्या कार्यक्रमांचें ध्वनिमुद्रण मोटारींत बसून तपासावें लागे. तेथें मोठें खोकें मावेना आणि कानाला यंत्र लावून काम नीट होईना. म्हणून १९७० नंतरच्या पांचएक वर्षांत त्यांच्या अभियंत्यांनीं बारा इंच उंच व साडेसात इंच रुंद असा एक लहान स्पीकर तयार केला, नांव एल.एस. ३/५ ए. त्यांत पांच इंची एक शंकू आणि वरच्या सुरांसाठीं पाऊण इंची एक घुमटी, इतकेंच. खालचे सूर थोडे कमी, जोर थोडा कमी, पण माणसाचा आवाज माणसासारखा यावा, हा त्याचा कटाक्ष. मोटारींतल्या माणसाच्या कानापासून तो हातभर अंतरावर असे. निजावयाची खोली आणि ती मोटार यांत मला फार फरक दिसत नाहीं.

माझी खोली १२ फूट लांब व १० फूट रुंद आहे. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीच्या महापुरानें महाड शहर बुडालें तेव्हां आमच्या खालच्या मजल्यावरचें सगळें गेलें. रेडिओ, टेपरेकॉर्डर, पुस्तकांचें एक कपाट. वरची खोली वांचली आणि तेव्हांपासून आमचा मुक्काम तेथेंच आहे. पुराच्या पुढच्या वर्षीं मीं शहरांतल्या एका दुकानांतून स्पीकरांची जोडी आणली. कमरेएवढी उंच. खोक्यावर हजारोंचे वॅट छापले होते आणि त्यापुढें पी.एम.पी.ओ. अशीं चार अक्षरें. त्या अक्षरांचा अर्थ दुकानदारानें सांगितला नाहीं आणि मींही विचारला नाहीं, ही चूक माझीच. हा आंकडा म्हणजे क्षणाच्या एका अंशापुरतें, कसल्याही नियमाविना मोजलेलें बळ. सतत टिकणारें बळ त्याच्या कितीतरी खालीं असतें. निजावयाच्या खोलीला खरे पंधरावीस वॅट पुष्कळ होतात.

त्या जोडीनें खोलीची दशा केली. ध्वनि सेकंदाला सुमारें १,१२५ फूट जातो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्यें त्याची एक जायेची फेरी चोवीस फुटांची. १,१२५ ला २४ नें भागिलें तर सुमारें ४७ येतात. म्हणजे सेकंदाला ४७ कंपनांचा जो सूर, तो या खोलींत भिंतीपाशीं सांचून राहतो आणि मध्यभागीं जवळजवळ नाहींसा होतो. दहा फुटांच्या भिंतींमुळें तसाच सांठा ५६ कंपनांपाशीं होतो. मोठा स्पीकर नेमका हाच भाग जोरानें हलवितो. शिवाय तो कोंपऱ्यांत ठेवला कीं दोन भिंती व जमीन मिळून त्याला आणखी फुगवितात. आमच्या पलंगाची उशी भिंतीला लागून. परिणामीं डग्ग्यावर हात पडला कीं उशी घुमे आणि बातम्या सांगणारा विहिरींतून बोलल्यासारखा वाटे. सौभाग्यवती म्हणाल्या, “याच्यापेक्षां पूर बरा.” लहान स्पीकराला हे सूर मुळांत थोडेच काढतां येतात, म्हणून लहान खोलींत त्याचें उणेपण गुणावर पडतें.

म्हणून दुसऱ्या खेपेस मीं पिशवींत फूटपट्टी आणि मुलानें मोबाइलमध्यें भरून दिलेलीं तीन ध्वनिमुद्रणें घेऊन दुकान गांठलें. एकांत तंबोरा, एकांत तबल्याची जोडी आणि एकांत नुसतें बोलणें. तंबोऱ्याची जवारी तारांतून सुटी ऐकूं यावी. डग्ग्याची मींड वर चढतांना तिचा एखादा सूर एकाएकी फुगूं नये. बोलण्याची परीक्षा मराठी माणसाला फार सोपी आहे. आपल्याकडे च हें अक्षर एक, उच्चार दोन. ‘चार’ मधला निराळा, ‘चवदार’ मधला निराळा. आणि ‘चिंच’ या एका शब्दांत दोन्ही येतात, पहिला तालूवरचा, दुसरा दांतांमागचा. दांतांमागच्या च ची सळसळ फार वरच्या सुरांत असते. दूरध्वनीच्या जुन्या तारेंतून सेकंदाला ३,४०० कंपनांच्या वरचें कांहीं जात नसे, म्हणून तेथें हे दोन च सारखे भासत. चिंचेचे दोन्ही च ज्या स्पीकरांतून वेगळे ऐकूं येतात, त्याचें वरचें अंग ठीक आहे असें समजावें. माझ्या वयाला मात्र ही परीक्षा एकट्यानें करतां येत नाहीं. साठीनंतर कानाचे वरचे सूर झडतात. मी नातीला बरोबर नेलें होतें. ती दहा वर्षांची आहे आणि तिचे कान वटवाघुळासारखे आहेत.

आणखी एक गोष्ट दुकानांत कोणी सांगत नाहीं. हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें कीं आवाज हळू केला कीं आपल्या कानाला खालचे सूर अधिक कमी ऐकूं येतात. निजावयाच्या खोलींत आपण हळूच ऐकणार. तेव्हां दुकानांतही हळूच लावून ऐकावें, निदान अर्धा तास. मोठ्यानें लावल्यावर सगळेच स्पीकर चांगले वाटतात. रात्रीं घरीं खालचा सूर किंचित् वाढविण्याची कळ असली तर ती वापरण्यांत कांहीं पाप नाहीं. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं राहत्या वस्तींत रात्रीं दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल ठरविली आहे. आमच्या गल्लींत भिंती एकमेकींना टेकलेल्या, त्यामुळें शेजारच्यांची झोंप हीच आमची खरी मर्यादा.

आम्हीं शेवटीं घेतलेली जोडी चार इंची शंकूची आहे. ध्वनिवर्धक आंतच असल्यामुळें निराळ्या यंत्राची अडगळ नाहीं. एकाच नळकांड्यांतून दोन्ही बाजू वाजविणारा बिनतारी डबा स्वस्त होता व देखणाही होता. पण डावें-उजवें वेगळें ऐकूं यावयाचें तर दोन डबे अंतरावरच हवेत, याला उपाय नाहीं. दोहोंमध्यें साडेतीन फूट, आणि दोहोंपासून माझी खुर्ची तितकीच दूर. घुमटी बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला यावी म्हणून खालीं जुन्या इयत्तांच्या नकाशांच्या वह्या रचल्या आहेत. भिंतीपासून वीतभर पुढें ओढले आहेत. मागच्या भोंकांत मीं एकेक हातरुमाल कोंबला. घुमारा आणखी उतरला.

आतां त्या एका शब्दाविषयीं. माझी आजी १९२७ सालीं बावीस वर्षांची होती व याच घरांत होती. १९८४ सालीं मीं तिच्याकडून त्या दिवसाची हकीकत कॅसेटवर बोलवून घेतली. पुरांत टेपरेकॉर्डर गेला, कॅसेट माळ्यावर होती म्हणून वांचली. पुढें पुतण्यानें ती संगणकावर उतरवून दिली. तींत ती म्हणते कीं बाजारांतून ओरडा ऐकूं आला, देवळांत शिरले, देवळांत शिरले. आणि मग, “ह्यांनीं कोंपऱ्यांतली काठी” अमुक केली. तें अमुक म्हणजे ‘ठेवली’, असें आम्ही सगळे चाळीस वर्षें ऐकत आलों. आजोबांनीं काठी ठेवली, म्हणजे ते गेले नाहींत, घरींच राहिले. वर्गांत महाडचा धडा शिकवितांना मीं ही गोष्ट मुलांना अनेकदां सांगितली आहे. सांगतांना मला थोडा अभिमानही वाटे. जुन्या टेपरेकॉर्डरवर सरसर फार होती, त्या उंच स्पीकरांवर घुमारा. शब्दाच्या आरंभींचें व्यंजन दोन्हींत बुडत असे आणि आम्ही तें मनानें भरून काढीत असूं.

नव्या जोडीवर पहिल्या रात्रीं मीं हीच कॅसेट लावली. नात शेजारीं बसली होती. तिला ती गोष्ट ठाऊक नव्हती. वाक्य संपलें तेव्हां तिनें विचारलें, “आजोबा, काठी घेतली ती कशाला?”

मीं तें वाक्य दहा वेळां लावलें. कानाला यंत्र लावूनही ऐकलें. दुसऱ्या दिवशीं पुतण्याला बोलावून, कांहीं न सांगतां, त्याच्याकडून लिहून घेतलें. घे आहे, ठे नाहीं. मधला त स्पष्ट आहे. आजोबा काठी घेऊन कोठें गेले, तें आजी सांगत नाहीं. पुढच्या वाक्यांत ती दिवेलागणीपर्यंत येते आणि ते घरीं परतल्याचें सांगून थांबते. तिला विचारावयास ती नाहीं.

१९८४ सालीं मीं त्या कॅसेटची नक्कल एका वहींत करून ठेवली होती. ती वही माझ्यापाशीं आहे. तींतला ‘ठेवली’ हा शब्द खोडून मीं वर ‘घेतली’ असें लिहिलें आहे, आणि समासांत त्या दिवसाची तारीख घालून खालीं नातीची सही घेतली आहे.